मालनबाईचा जाळीचा तवा

मालनबाईच्या हातचं वॉफल देवळाली कॅम्पातल्या कितीतरी लोकांनी खाल्लं होतं. तिच्या घरच्यांनी मात्र ते कधी खावं तसं खाल्लं नव्हतं, आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता. पदार्थच तसला होता.

मालनबाई विहितगावात राहायची. १९६७ सालापासून रोज सकाळच्या पहिल्या बसने ती कॅम्पात खोरशेदबाईंकडे स्वैपाकाला जायची. खोरशेदबाई म्हणजे बंगल्यात एकटीच राहणारी म्हातारी पारशीण. पण हवापालटाच्या निमित्ताने मुंबईहून भाऊ-भाचे सारखे येऊन-जाऊन असत. दर रविवारी न्याहारीला वॉफल ठरलेलं. जाड, सोनेरी, बाहेरून कुरकुरीत आणि आतून कापसासारखं. दोन्ही अंगांना चौकोनी खळ्यांची जाळी. त्याचा तवाही वेगळा. बिडाच्या दोन पाट्या, बिजागरीने जोडलेल्या, लांब दांड्यांच्या. एका पाटीवर पीठ ओतायचं, दुसरी मिटायची, आणि अख्खा तवाच विस्तवावर उलटा करायचा.

पहिल्या वर्षी खोरशेदबाईंनी पीठ दुधात भिजवायला शिकवलं. मालनबाईने दोन रविवार ऐकलं आणि तिसऱ्या रविवारी न विचारता ताक घातलं. आदल्या दिवशीचं, जरा आंबटावलेलं ताक. त्यात चिमूटभर खायचा सोडा पडला की पीठ कसं हळूच श्वास घेतल्यासारखं फुगतं, हे तिला धिरड्यांवरून ठाऊक होतं. खोरशेदबाईंनी पहिला घास घेतला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मालन, तू काय केला? आता हेच कर. दूध बंद!"

पण हे वॉफल तव्यातून निघाल्यावर शंभर आकडे मोजेपर्यंतच वॉफल. मग ते मऊ पडतं. मालनबाई उरलेलं फडक्यात बांधून घरी आणायची तेव्हा बसच्या प्रवासात त्याचं चामडं झालेलं असायचं. थोरली करुणा आईचं मन राखायला मुकाट खायची. धाकटी प्रज्ञा स्पष्टवक्ती.

"आई, यासाठी ते लोक तुला रविवारची पण बोलावतात?" तिने एकदा विचारलं.

मालनबाईला ते फार लागलं. अकरा वर्षं जे काम तिने मन लावून केलं, त्याची चव तिच्या पोरींना ठाऊक नव्हती. सासू भिमाबाई तर सरळ म्हणायच्या, "गार धिरडं ते गार धिरडं. त्याला विंग्रजी नाव दिलं म्हून काय झालं?"

१९७८च्या दिवाळीनंतर खोरशेदबाईंनी बंगला सोडायचं ठरवलं. गुडघे चालेनात, भाची मुंबईला घेऊन जाणार होती. सामान बांधलं गेलं. तवा त्यांच्या नवऱ्याने परदेशातून आणलेला, तो काही त्या मागे ठेवणार नव्हत्या, आणि मालनबाईने मागितलाही नाही. शेवटच्या रविवारी तिने एकच गोष्ट मागितली.

"बाई, शेवटचं एक मी घरी नेते. खायला नाय. नमुन्याला."

ते वॉफल तिने मंद आचेवर भाकरीसारखं वाळवलं, मग तीन दिवस पत्र्यावर उन्हात ठेवलं. कावळे हाकायला भिमाबाई बसल्या, कुरकुरत का होईना, पण बसल्या. वॉफल विटेसारखं कडक झालं तेव्हा तिने ते नवऱ्यापुढे ठेवलं.

सावळीराम सातपूरला एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात मोल्डर होता. पंपाचे ॲल्युमिनियमचे भाग ओतायचे ते काम. काळ्या रेतीत नमुना दाबायचा, अलगद काढायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा.

"अहो, याचा तवा होईल का?" मालनबाईने विचारलं.

सावळीरामने वॉफल उलटसुलट केलं, टिचकी मारून पाहिलं. "होईल की! न व्हायला काय झालं? रेतीत दाबतो, ओततो, मोकळा."

कारखान्याच्या मालकाला विचारून त्याने शनिवारी पाळी संपल्यावर उरल्या धातूत काम उरकलं आणि संध्याकाळी जड पिशवी घेऊन घरी आला. पिशवीतून त्याने जे काढलं ते बघून दोघी पोरींना हसू आवरेना. तो तवा नव्हता. ते वॉफल होतं. ॲल्युमिनियमचं. हुबेहूब, कडेला मालनबाईच्या चमच्याने पडलेल्या खाचेसकट.

"खा आता," भिमाबाई म्हणाल्या. "दात घट्ट असतील त्येनं खा."

वीस वर्षं रेतीत हात घातलेला माणूस, पण घरी बायकोने सांगितलेलं काम म्हणून त्याने डोकंच चालवलं नव्हतं. सावळीराम ओशाळला. "च्यायला, खरंच की," एवढंच म्हणाला आणि ते धातूचं वॉफल चुलीमागे टाकायला निघाला. मालनबाईने त्याचा हात धरला.

ती पोळ्यांची कणीक मळत होती. तिने कणकेचा मोठा गोळा थापला, त्यावर ते ॲल्युमिनियमचं वॉफल ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. उचललं. वॉफलात जिथे खळगे होते तिथे कणकेत उंच चौकोनी उंचवटे उभे राहिले होते. जिथे वॉफलाच्या भिंती होत्या तिथे चर.

"हे बघा," ती म्हणाली. "मला हे पायजे. पाऊल नको, पावलाचा ठसा पायजे."

सावळीराम उकिडवा बसून त्या कणकेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कणीक रेतीत टिकायची नाय. पण या धातूच्या वॉफलावर प्लास्टर ओतलं तर? प्लास्टरची पाटी निघंल. ती रेतीत दाबायची. मंग धातूची पाटी जशीच्या तशी."

"आणि खरं वॉफल प्लास्टरच्या पाण्यानं विरघळलं असतं," मालनबाई म्हणाली. "हे विरघळायचं नाय. चुकलं म्हणूनच जमलं बघा."

पुढचे दोन आठवडे सावळीराम रोज जरा उशिरा यायचा. त्याचा सोबती कोंडाजी, जो कारखान्यात जोडणीचं काम बघायचा, त्याने बिजागरी बसवली, दोन सळया वाकवून दांडे केले आणि धरायला लाकडी मुठी ठोकल्या. तवा घरी आला तेव्हा नव्या भांड्यासारखा लखलखत होता. गल्लीतून चार-पाच जण बघून गेले.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. मालनबाईने पीठ ओतलं, तवा मिटला, उलटला, आणि उघडायला गेली तर उघडेचना. जोर लावला तेव्हा वॉफल मधोमध फाटून अर्धं वर, अर्धं खाली चिकटलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. चमच्याने खरवडून काढलेला चुरा पोरींनी साखर घालून खाल्ला.

पण मालनबाई स्वैपाकीण होती. नव्या तव्यावर पहिल्या दिवशी कोणाचं धिरडं सुटलंय? तव्याला वळण लागावं लागतं. तिने आठवडाभर रोज सकाळी तो तवा तेल चोपडून तापवला, गार केला, पुसला, पुन्हा चोपडला. कांदा अर्धा कापून खळीखळीतून फिरवला. शनिवारपर्यंत धातूची लकाकी गेली आणि तिच्या जागी काळसर, तुळतुळीत थर आला. त्या संध्याकाळी ती गल्लीच्या टोकाला ठमाबाईकडे गेली. ठमाबाईच्या दारात दोन म्हशी होत्या.

"मावशे, कालचं ताक हाय का? आजचं नको."

"लोक ताजं मागत्यात, तू शिळं मागती," ठमाबाई हसली, पण तांब्या भरून दिला.

रविवारी सकाळी तिने अंडी फोडली. पांढरा बलक वेगळा काढून फेस येईपर्यंत फेटायचं काम करुणाला दिलं. मैद्यात ताक, पिवळा बलक, वितळलेलं लोणी आणि चिमूटभर साखर घातली. शेवटी सोडा. मग फेस वरून हलक्या हाताने मिसळला. पिठाने श्वास घेतला. स्टोव्हवर तवा तापला. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचला. तिने पीठ ओतलं, तवा मिटला, उलटला. कडेने वाफ निघू लागली. सगळे गोल करून बसले होते. वाफ कमी झाली की शिजलं, हे मालनबाईला घड्याळाशिवाय कळायचं. वाफ कमी झाली. तिने वरची पाटी उचलली.

पाटी अलगद उचलली गेली, जणू कधी चिकटलीच नव्हती. खाली पूर्ण, अखंड, सोनेरी वॉफल. एकही खळी तुटलेली नाही. तिने सुरीचं टोक लावलं आणि ते ताटात घसरलं. ताटाला लागताना टकटक आवाज आला.

"लवकर," मालनबाई म्हणाली. "गप्पा नकोत. लगेच खायचं!"

खोरशेदबाईंकडे वरून डब्यातला पाक असायचा. इथे काकवी होती. प्रज्ञाने ती एकेका खळीत भरली आणि मोठा तुकडा तोडला. कुर्रकन आवाज आला. ती चावता चावता थांबली, आईकडे बघितलं, आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, "हे... हे ते नव्हे!"

"हेच ते," मालनबाई म्हणाली, आणि तिने पुढचं पीठ ओतलं.

दुसरं भिमाबाईंना गेलं. त्यांनी कोपरा मोडला, संशयाने जिभेवर ठेवला. मग सगळं संपवलं, बोटाने काकवी पुसली आणि ताट पुढे केलं. "आन अजून एक. धिरडं नाय ते. मी म्हनलं होतं ते खोटं." सावळीरामने तीन खाल्ली आणि प्रत्येक वेळी तवा हातात घेऊन बिजागरी तपासली, जणू सगळं श्रेय त्या बिजागरीचंच.

आठवं वॉफल निघालं तेव्हा मालनबाईने सवयीने पुन्हा पीठ ओतायला पळी उचलली. भिमाबाईंनी पळी काढून घेतली. "ऊठ. तू बस आता. सावळ्या, तू उलट तवा, तुझाच हाय ना."

मालनबाई पाटावर बसली. गरम वॉफल तिच्यापुढे आलं. बारावं वर्ष लागत होतं तिला हे करताना, आणि तव्यावरून निघालेलं थेट तिच्या ताटात पडायची ही पहिलीच वेळ. तिने घास घेतला. बाहेरचा पापुद्रा दातांखाली मोडला, आतून ताकाची हलकी आंबटाई आली. आपण काय करत होतो ते तिला आज कळलं. चांगलंच करत होतो, तिने मनाशी म्हटलं, आणि हसली.

त्यानंतर विहितगावात तो तवा प्रसिद्ध झाला. सावळीरामने प्लास्टरची पाटी जपून ठेवली होती; पाच वर्षांत त्याने आणखी सहा तवे ओतले. त्यातला एक कॅम्पातल्या एका कॅप्टनच्या बायकोने मागवला. ती स्वतः जीपमधून मालनबाईच्या दारात आली, हातात गुळगुळीत कागदाचं जाडजूड पाककृतींचं पुस्तक घेऊन. पान उघडून म्हणाली, "यात दूध लिहिलंय. एवढंच विचारायचं होतं, किती घालू?"

करुणा तेव्हा कॉलेजात होती. तिने तो इंग्रजी मजकूर वाचून आईला सांगितला. मालनबाईने पदराला हात पुसले.

"बाई, पेन हाय का?" ती म्हणाली. "मग ते दूध खोडा. तिथं ताक लिहा. कालचं."

कॅप्टनच्या बायकोने पायरीवर बसून ते खोडलं आणि वर लिहिलं.