टोपीखालच्या सासूबाई

बंदरावर तिला सगळे माईकताई म्हणत. उघड्या छताच्या बसमध्ये ड्रायव्हरकडे पाठ करून उभं राहायचं आणि जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना जुनं शहर दाखवायचं, हे तिचं काम. आधी ती त्याच कंपनीच्या खिडकीत बसून तिकिटं द्यायची. एकदा गाईडचा घसा बसला म्हणून हिला बसमध्ये चढवलं, आणि ती चढली ती पुन्हा खिडकीत गेलीच नाही. तट कुणी बांधला, तोफगोळ्याची खूण कुठल्या दगडावर आहे, कुठल्या सरदाराच्या बायकोने कुठल्या खिडकीतून उडी मारायची धमकी दिली आणि मारली नाही, सगळं तिला तोंडपाठ. त्यातलं थोडंफार खरंही होतं.

तिचं घर दीपगृहाच्या टेकडीखालीच, आणि घरी सासूबाई होत्या. त्यांच्या मते सुनेचं काम म्हणजे दिवसभर बडबडायचं आणि वर पगार घ्यायचा. शेजारणीने कधी कौतुक केलं तर म्हणायच्या, "तोंडाचा पट्टा आधीपासूनच होता. आता त्याला माईक लागलाय, एवढंच." आपण हे मनावर घेणं कधीच सोडलंय, असं माईकताई सगळ्यांना सांगायची. दर चार दिवसांनी सांगायची, यावरून काय ते समजावं.

माणसं मोजायची तिची एक रीत होती. जहाजाकडून प्रत्येक पाहुण्याला रुंद काठाची पांढरी टोपी मिळे. पुढे उभं राहून पाहिलं की चेहरे कमी आणि टोप्याच जास्त दिसत, म्हणून ती टोप्याच मोजायची. टोप्या जुळल्या की ड्रायव्हरमामांना हात करायचा. इतक्या वर्षांत टोप्यांनी कधी दगा दिला नव्हता.

त्या दिवशीही दीपगृहाच्या टेकडीखाली बस थांबली, पाहुणे वर जाऊन आले, टोप्या मोजल्या, बरोबर भरल्या. परतीच्या वाटेवर तिने खिडकीतल्या बाईची गोष्ट रंगवून सांगितली आणि बस बंदरावर आली. जहाज सुटायची वेळ होत आली होती. ती दाराशी उभी राहून एकेकाला निरोप देऊ लागली. शेवटची टोपी दांडा धरून अगदी हळू उतरत होती. माईकताईने आधाराला हात पुढे केला आणि पाहुण्यांच्या भाषेत, सावकाश उतरा, असं म्हणाली.

"माझ्याशी कसली फाडफाड करतेस?" टोपीतून आवाज आला.

टोपीखाली सासूबाई होत्या.

"आई? तुम्ही इथे कशा?"

"अगं, तुझी एक पाहुणी आपल्या पायरीवर गुडघे धरून बसली होती. टेकडी चढवेना तिला. मग आत नेली, पाणी दिलं, आरामखुर्चीत बसवली. म्हटलं, पड जरा, मी सुनेला सांगून येते. बाहेर ऊन होतं, तर तिनेच ही टोपी माझ्या डोक्यावर घातली. बसमध्ये येते तर तू माईकवर. बोलणाऱ्याला मध्येच कसं तोडायचं? मागे बसले गप."

"आणि ती?"

"ती झोपलीय आपल्या घरी. एवढं काय त्यात? फेरीची बस ना ही? आज तीन फेऱ्या झाल्या, आज चार झाल्या, असं तूच येऊन सांगतेस. म्हटलं, फिरून येईल आपल्या दाराशी, तोवर तिची झोप होईल."

 माईकताईची फेरी बंदरापासून बंदरापर्यंत. सासूबाईंची फेरी त्यांच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत. एकाच घरात राहून दोघींच्या फेऱ्या वेगळ्या निघाल्या. पाहुणा मागे राहिला तर नोकरी गेली, हे कंपनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण नोकरीपेक्षा तिला त्या बाईचा विचार छळू लागला. तिचे कपडे, औषधं, सगळं जहाजावर, आणि जहाज कुणाचं काही लागत नव्हतं की थांबेल. तिने जहाजाच्या जिन्यावरच्या माणसाला हातापाया पडून सांगितलं. होईल तेवढं थांबू, एवढंच तो म्हणाला.

 ड्रायव्हरमामांनी रिकामी बस वळवली. "ताई, दांडा धरा," एवढंच म्हणाले, आणि जी बस एरवी वरातीसारखी चालायची ती गल्लीबोळांतून पळवली. सासूबाई टोपी धरून मागे बसल्या होत्या. "आता का गप्प? इथली गोष्ट सांग की," त्या मागून म्हणाल्या. सुनेने दात आवळले.

पाहुणी आरामखुर्चीत गाढ झोपली होती, अंगावर सासूबाईंची शाल. उठवल्यावर ती घाबरली नाही की रागावली नाही. वेळेवर गाडी न्यायला आली असावी तशी हसली आणि लंगडत निघाली.

बंदरावर आले तेव्हा बाकीचे जिने उचलले होते, एकच उरला होता. पाहुणी वर चढली, आत गेली, आणि मागोमाग तो जिनाही उचलला गेला. माईकताईचा जीव भांड्यात पडला. ती बसच्या पायरीवरच बसली. बरं वाटत होतं, इतकं बरं की आता भांडायचंही त्राण आलं.

"तुम्हाला तिची भाषा येत नाही, तिला आपली येत नाही," ती म्हणाली. "परक्या घरात ती एवढी निर्धास्त झोपली कशी? काय सांगितलंत तरी काय तिला?"

"काय सांगणार?" सासूबाई टोपीचा काठ सारखा करत म्हणाल्या. "म्हटलं, बाई, तू खुशाल झोप. बसवाली माझी सून आहे. प्राण गेला तरी ती कुणाला मागे टाकून जायची नाही."

ड्रायव्हरमामा एकदम आरसा पुसायला लागले.  आयुष्यात पहिल्यांदा सासूने माईकताईचं कौतुक केलं होतं, आणि तेही जिला एक अक्षर कळणार नाही अशा बाईजवळ. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग ती पायरीवर जरा सरकली आणि सासूबाईंना शेजारी जागा करून दिली.