लाल गाडीखालची तीट

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर हातात पेन्सिल घेऊन वाचतो. कॉलेजात ग्रंथपाल होतो, सवय जात नाही. कुठे वारा असेल, कुठे ताप असेल, कुठे नुसतीच अर्धवट झोप… समासात तसं लिहायचं आणि पान उलटायचं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे यांतलं काही उरलं नाही, आणि मलाही त्यांची कधी गरज वाटली नाही. खाली जे लिहितो आहे त्याच्या समासात काय लिहावं, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही.

आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचो. दुसरा मजला, पुढे गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला शिवणयंत्राचं जुनं टेबल. चौऱ्याण्णवच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी असलेलं खेळण्यांचं दुकान बंद झालं. न खपलेले खोके मालकाने मिळेल त्या भावाने काढून टाकले. त्यांत जुन्या विलायती मोटारींचे किट होते. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले बारीक बारीक भाग, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मग तळहाताएवढी गाडी तयार होते. मी सगळे खोके उचलून आणले. बायको म्हणाली, "आता म्हातारपणी खेळणार व्हय?"

वत्सला गारगोटीकडच्या शेतकरी घरातली. आमचं लग्न दोन्हीकडच्यांना पचायला वेळ लागला, पण तो विषय वेगळा. पहिली गाडी मी जोडली ती बरी जमली, रंगवली ती मात्र भिंतीला चुना मारल्यासारखी. माझा हात थरथरतो. ती मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "सरका तिकडं. आमच्यात बेंदराला बैलांची शिंगं मीच रंगवायची. बैल तर मान हलवतोय. ही बिचारी हलत बी न्हाय."

त्या दिवसापासून वाटणी ठरली. कापणं, घासणं, जोडणं माझ्याकडे; रंग तिच्याकडे. रंग दिला की गाडीवर धूळ बसू नये म्हणून ती स्वयंपाकघरातलं पातेलं उपडं घालायची, आणि वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. सुजाता, आमची मुलगी, तेव्हा दहावीत होती. एकदा तिला त्याच पातेल्यात दूध तापवायचं होतं. "त्यात गाडी झोपलीया," असं उत्तर मिळालं.

गाडी पुरी झाली की वत्सला ती उलटी करायची आणि खालच्या बाजूला, मागच्या चाकांच्या मधोमध, काळ्या रंगाचा एक ठिपका द्यायची. तीट. लहान बाळाला लावतात तशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चिडलोच.

"अगं, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना?"

"घेतल्यात की. त्यात तिटीचं कुठं म्हटलंय, दाखवा. तुमी पुस्तकवालं हाय न्हवं?"

मी खरोखरच काढून पाहिलं. नव्हतं. ती हसली, आणि ब्रशच्या टोकाला उरलेला रंग तिने माझ्या कानामागे पुसला. "ह्या बाळालाबी असू दे." हा एनॅमल रंग, पाण्याने जात नाही. दुसऱ्या दिवशी मी तसाच कॉलेजात गेलो. पुढे प्रत्येक गाडीच्या शेवटी हे ठरूनच गेलं — ठिपका गाडीला, उरलेला मला. सुजाता टाळ्या वाजवायची.

दोन हजार चारमध्ये वत्सला आजारी पडली. तेव्हा शेवटचा खोका उघडलेला होता, मागे दुमडणाऱ्या टपाची एक मोठी उघडी गाडी. मी तिच्या कॉटशेजारी बसून भाग घासायचो. रंग तिनेच सांगून ठेवला होता, गडद लाल. "जोडून ठेवा तुमी. रंगाचं मी उठल्यावर बघतो," म्हणायची. तिच्याकडे बायकाही 'बघतो, करतो' असंच बोलतात. ती उठली नाही.

नंतरचे महिने लिहिण्यासारखे नाहीत. सुजाता पुण्याला बँकेत नोकरीला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. मलाही थकवा आला होता. भांडायची ताकद नव्हती, राहायचीही नव्हती. एवढंच वाटत होतं की ती गाडी अर्धी ठेवून घर सोडू नये. गाडी पुरी झाली की येतो, असं मी तिला सांगितलं.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी गाडी जोडली, वरखाली सगळीकडून करड्या प्रायमरचं अस्तर दिलं आणि मग फक्त वरून लाल रंग लावला. यथातथाच लागला. वर पातेलं उपडं घातलं. तीट द्यायची नाही, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. ती असताना ती गंमत होती. आता लावायची म्हणजे ती कुठूनतरी बघते आहे असं धरायचं, आणि ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

रंग वाळेना.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं, चिकट. आठवड्याने, तसाच. उन्हात ठेवली, दिव्याखाली ठेवली. शेवटी टर्पेंटाईनने सगळा लाल रंग पुसून नवी डबी आणून पुन्हा रंगवली. तरीही तेच. खाली दिलीप नावाचा गाड्यांचा पेंटर राहायचा, त्याला वर बोलावून दाखवली. त्याने बोट लावून पाहिलं, वास घेतला.

"सर, मे महिन्यात आमचा ट्रक सकाळी मारला की संध्याकाळी रोडवर असतोय. आणि ही एवढीशी गाडी वाळंना?"

"डबी खराब असेल."

"दोन्ही बी?" तो जरा थांबला. "वैनींनी खाली काळं लावल्यालं असायचं बघा. ते लावलं का?"

मी गाडीवर पुन्हा पातेलं उपडं घातलं. तो ओशाळून उठला. "न्हाय, आपलं सहज म्हटलं."

सुजाता फोनवर म्हणाली, "बाबा, रंग वाळत नाहीये की तुमचंच मन होत नाहीये?" मग तिने स्वतःच दिवस ठरवला. न्यायला मोटार घेऊन येते म्हणाली, बॅग भरून ठेवा.

त्या दिवशी दुपारी बॅग भरून झाली, पुस्तकं बांधून झाली. गॅलरीत ते पातेलं तेवढं उरलं. मी टेबलाशी बसलो. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. फक्त फार थकलो होतो, आणि वाटलं, एका ठिपक्यासाठी आपण कुणाशी भांडतो आहोत? तिचं तिला देऊन टाकावं.

काळ्या रंगाची डबी तिच्या जाण्याआधीपासून बंद होती. झाकण इतकं बसलं होतं की पक्कड लावावी लागली. आत रंगावर दुधावर धरते तशी जाड साय धरलेली होती, अखंड, कुठे टोचल्याची खूणसुद्धा नाही. काडीने ती साय फोडली, ब्रश बुडवला, डाव्या हाताने पातेलं उचललं आणि गाडी उलटी केली.

खाली तीट होती.

मागच्या चाकांच्या मधोमध, करड्या प्रायमरवर, तिच्या हातची असावी तशी गोल, काठ न फुटलेली. प्रायमर मी स्वतः मारला होता, ती गेल्यानंतर. ब्रश खाली ठेवून मी ठिपक्याला बोट लावलं. बोट काळं झालं. ठिपका ओला होता.

मग लक्षात आलं, की मी गाडी अंगठा आणि बोटांत धरली आहे, आणि लाल रंग कुठेही हाताला लागलेला नाही. पूर्ण वाळला होता. घट्ट, काचेसारखा.

घाबरलो नाही. रडलोही नाही. टर्पेंटाईनने बोट पुसलं, डबी बंद केली.

दिवेलागणीच्या आत सुजाता आली. बॅगा खाली नेताना ती माझ्या मागे जिन्यावर होती. म्हणाली, "बाबा, थांबा, कानामागं काय लागलंय तुमच्या? काळं…" आणि तिने रुमाल काढला. रुमाल कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

बोट काळं असताना मी हात कानाकडे नेला असेन. नेला असणारच. मला आठवत नाही एवढंच. पण ठिपक्याचं काय, डबीवरच्या सायीचं काय, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. दर वेळी हिशेब तिथेच अडतो.

गाडी आता पुण्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. तिच्या खालचा ठिपका केव्हाच वाळला. त्या संध्याकाळी टर्पेंटाईनची बाटली माझ्या पिशवीत, अगदी वरच होती. मी ती काढली नाही. कानामागचा रंग आपोआप झिजून जाईपर्यंत मी तो तसाच राहू दिला.