चित्रे : राज

राजरत्न सोनकांबळेनं नीलज्वाल या चित्रकथेचे एकसष्ट अंक काढले आणि एकावरही त्याचं नाव नाही. प्रकाशकाला चार शिव्या घालून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण खरं सांगायचं तर पहिली कुऱ्हाड राजरत्ननं स्वतःच्याच पायावर मारून घेतली होती.

तो शहाडच्या चाळीत वाढला. वडील चांगदेव तिथल्याच एका कारखान्यात कामाला. चौदा एप्रिल आला की चाळीचा फलक राजरत्नच रंगवायचा. तो हात बघून कुणीतरी त्याला ठाण्याला, नौपाड्यातल्या एका प्रकाशकाकडे धाडलं. मुलांसाठी चित्रकथा हव्या होत्या. राजरत्ननं नीलज्वाल घडवला: मानपाड्याच्या कंपनीत वायुगळतीत सापडलेला एक हेल्पर, ज्याच्या तळव्यांतून निळी आग निघते. प्रकाशक खूश झाला. त्यानं कागद पुढे सरकवला आणि अंकावर चित्रकाराचं नाव काय टाकायचं ते लिहून मागितलं.

त्या टेबलाभोवतीची आडनावं राजरत्ननं ऐकली होती. लेखक, मुद्रितं तपासणारे, छपाईचं बघणारे, सगळे एकाच पंगतीतले. सोनकांबळे छापलं तर कुठल्या तरी घरात एखादी आई पोराच्या हातातून अंक काढून घेईल, असं त्याला वाटलं. तसं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही, हीच तर या रोगाची खुबी. त्यानं लिहिलं, 'राज'. प्रकाशक म्हणाला, छान, सुटसुटीत आहे.

घरी चांगदेव अंक उलटासुलटा करून नाव शोधत राहिले. त्यांच्या दारावर सोनकांबळे हे आडनाव वीतभर अक्षरांत लिहिलेलं होतं, याच पोराकडून रंगवून घेतलेलं.

"लाज कुणाची वाटली तुला? माझी?" एवढंच त्यांनी विचारलं.

राजरत्न म्हणाला, पुढच्या अंकात पूर्ण नाव घालतो. पुढचा अंक आला, त्याच्या पुढचाही आला. नीलज्वाल खपत होता, आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? चांगदेव प्रत्येक अंक दुकानातून विकत आणायचे आणि चाळीत कुणालाही दाखवायचे नाहीत. ते गेले तेव्हा चव्वेचाळिसावा अंक छापखान्यात होता.

तोवर राजरत्न लग्न करून डोंबिवलीला राहायला आला होता. उडताना नीलज्वालचा शेला कसा फडफडतो ते कळावं म्हणून त्याची बायको मंजुळा टेबलफॅनसमोर स्टुलावर चढून साडीचा पदर धरायची आणि स्वयंपाकघराकडे कान लावून उभी राहायची. तुमचा हिरो उडतोय आणि इकडे माझा भात करपतोय, म्हणायची. ती वर्षं बरी गेली. मग मुलं टीव्हीला चिकटली, खप आटला, आणि प्रकाशकानं एके दिवशी चहा पाजून मालिका बंद केली. राजरत्न कंपन्यांच्या भिंतींवर कवटी आणि 'धोका' रंगवू लागला. फ्लेक्स आले आणि तेही काम गेलं.

गेल्या वर्षी मुलगी दीप्ती मोबाईल घेऊन हसत आली. "पप्पा, ठाण्यात तुमच्या सह्या घ्यायला लोक येणार आणि आम्हालाच पत्ता नाही?"

नीलज्वाल नव्या रूपात परत येत होता, आणि रविवारी 'राज' वाचकांना भेटणार होते. राजरत्ननं फोन लावला. प्रकाशक आता हयात नव्हता. त्याचा मुलगा नयन जराही न चिडता बोलला. राज हे संस्थेचं नाव आहे, बाबांच्या वेळेपासून, त्या नावानं बरेच जण काढत असतील, असं त्यानं सांगितलं.

"तुमचं नाव एखाद्या अंकावर आहे का, काका? नसेल तर मी काय करू?"



रविवारी राजरत्न पहिला अंक पिशवीत घालून गेला, नवा अंक विकत घेतला आणि रांगेत उभा राहिला. नव्या नीलज्वालच्या शेल्याला मंजुळाच्या पदराची चुणी जशीच्या तशी होती. टेबलापाशी 'राज' म्हणून मितेश नावाचा पंचविशीचा पोरगा बसला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर हे बीळ खणलं गेलं तेव्हा बिचारा जन्मलाही नव्हता. जुना अंक बघून तो उठूनच उभा राहिला.

"याच्यावरूनच शिकलोय मी," तो हळूच म्हणाला. "कोणी काढलेलं, कंपनीत कोणालाच माहीत नाही, काका."

नयन शेजारीच उभा होता. नीलज्वाल मी घडवला, हे वाक्य राजरत्ननं घरून पाठ करून आणलं होतं; ते न म्हणता त्यानं नवा अंक पुढे केला. मितेशनं नवा अंक उघडून पेन उचललं. नाव काय घालू, पूर्ण सांगा, म्हणाला.

"राजरत्न चांगदेव सोनकांबळे." सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो बोलला.

एकही मान वळली नाही. वळणार कशी? ते नाव तिथं कुणी कधी वाचलंच नव्हतं. मितेशनं मात्र ते वळणदार अक्षरात, एकही चूक न करता लिहिलं: श्री. राजरत्न चांगदेव सोनकांबळे यांना सप्रेम भेट. खाली सही केली, राज. मागच्या माणसानं जरा पुढे सरका म्हटलं आणि राजरत्न सरकला.