अंत्याच्या उंचीचा स्टँड

बाळाराम उतेकर माइकचा स्टँड कुणालाही खाली करू द्यायचा नाही. आमचा पहिला गायक अंत्या मोरे सहा फूट उंच, आणि स्टँड कायम अंत्याच्या तोंडाशी येईल एवढा. दांडीवर बाळारामने पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. अंत्या बँड सोडून डोंबिवलीला गेला, तिकडे लिफ्ट दुरुस्त करायला लागला, त्याला दोन पोरं झाली, तरी रेघ जागच्या जागी. पुढचे सगळे गायक टाचा उंचावून गायले, नाहीतर माइक काढून हातात घेऊन. मी मागे ड्रमवर बसून हे बघायचो आणि माझं डोकं फिरायचं.

पोलादपूरजवळ बाळारामची भाताची गिरणी होती. बुटका, पोट सुटलेला, भुवयांत कायम तूस अडकलेलं. त्याच्याकडे पाहून कुणी म्हणालं नसतं की हा माणूस हेवी मेटल वाजवतो. पण रविवारी दुपारी गिरणी बंद झाली, की तो काळा टी-शर्ट चढवायचा, गिटार पार गुडघ्यापर्यंत लोंबती घालायचा, आणि मग पत्रे थरथरायला लागायचे. आमच्या बँडचं नाव वणवा. महाडला माझं औषधांचं दुकान आहे. रविवारी अर्ध्या दिवसाने शटर ओढून मी मोटारसायकलवर पोलादपूर गाठायचो. ड्रमवरचा कोंडा झटकायलाच दहा मिनिटं जायची. गिरणीच्या आवाजाला सरावलेले शेजारी तक्रार करत नव्हते. एकदा एक म्हातारी फक्त विचारून गेली, "बाला, पट्टा तुटला काय रे?"

पहिली सहा वर्षं आमची चांगली गेली. अंत्या गायचा म्हणजे दरडच कोसळायची. चौपदरी रस्त्याच्या धुळीवर, घाटातल्या धुक्यावर आमची स्वतःची मराठी गाणी होती. मग अंत्याचं लग्न ठरलं आणि तो मुंबईकडे गेला. हे सगळीकडे होतं. दुसरा गायक आणायचा आणि पुढे जायचं, एवढं सोपं होतं ते. बाळारामने ते सोपं राहू दिलं नाही.

त्याचं कारण त्याच्या गावच्या शिमग्यात होतं. गावात पालखीला पहिला खांदा देण्याचा मान एका घराण्याचा. ते घराणं कधीच मुंबईला गेलेलं. त्यांच्या बदली बाळारामचा बाप खांदा द्यायचा. एका वर्षी अर्ध्या वाटेत मुंबईचा मानकरी गाडीतून उतरला, आणि बाळारामच्या बापाने चालता चालता खांदा काढून त्याला जागा दिली. चकार शब्द नाही. बाळाराम ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगायचा, की जणू बापाने गड जिंकला. "मान ज्याचा त्याचा," तो म्हणायचा. "आपण नुसता सांभाळायचा, दादा. खांद्याला खांदा चोळून तो आपला व्हत नाय."

पालखीचं ठीक आहे. पण माइक म्हणजे पालखी नव्हे, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! दर नव्या गायकाला तो पहिल्याच दिवशी, चहा हातात देऊन, प्रेमाने सांगायचा, "तू बदलीवर हायस हां. अंत्या आला की त्याची जागा त्याला." अरे, असं कुणी सांगतं का? नव्या सुनेला उंबऱ्यावरच सांगायचं, की पहिली आली तर तू निघ?

दुसरा गायक तुडीलचा नितीन. भजनातला तयार गळा, वरची पट्टी सहज लागायची. मध्येच आलाप घ्यायचा खरा, पण ते आम्ही चालवून घेतलं. गणपतीत अंत्या चार दिवस आला. आमचा कार्यक्रम होता. बाळारामने नितीनच्या हातातला माइक काढून अंत्याला दिला आणि नितीनला म्हणाला, "तू खुळखुळा घे." मेटलमध्ये खुळखुळा! नितीनने तो तेवढा वेळ वाजवला, कारण माणूस सभ्य. पुढच्या रविवारी तो आला नाही. तिसरा एक कॉलेजातला प्राध्यापक होता. तो त्या पांढऱ्या रेघेपुढे टाचा उंचावून वर्षभर गायला, मग पोटऱ्या दुखतात असं कारण देऊन गेला. मी त्याला मलमाची ट्यूब फुकट दिली. पोटऱ्या दुखत नव्हत्या हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मग सायली आली. वरंधची मुलगी, महाडला एका खासगी दवाखान्यात नर्स. माझ्या दुकानात औषधं न्यायला यायची. जेमतेम पाच फूट उंची, बोलणं इतकं हळू की चिठ्ठी पुढे केल्याशिवाय कळायचं नाही. एकदा माझ्या मोबाइलवर आमचं गाणं लागलेलं ऐकून म्हणाली, "हा आवाज घशातून काढतायत, पोटातून काढायला हवा." मी हसलो. तिने काउंटरपलीकडे उभं राहून काढून दाखवला. आत बसलेल्या एका आजोबांच्या हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली. खोटं सांगत नाही.

सायली आल्यावर वणवा पहिल्यांदा खरा पेटला. बाळारामने तिच्यासाठी पाच नवी गाणी बांधली. अंत्याला ती पेलली नसती. ती गायला लागली की बाळारामचे डोळे भरून यायचे, मी स्वतः पाहिलंय. पण स्टँड? स्टँड तिथेच. ती माइक काढून हातात घ्यायची. एकदा तिने स्क्रूला हात लावला तर हा म्हणाला, "नको गो, रेघ चुकंल." ती माझ्याकडे बघून हसली. मी हसलो नाही.

तिचा एक व्हिडिओ बघून पुण्याच्या एका मेटल महोत्सवाचं आमंत्रण आलं. आमच्यासारख्यांना असं आमंत्रण आयुष्यात एकदा येतं. मी चाळिशी ओलांडलेला, बाळारामला खोकला लागलेला, त्यामुळे पुन्हा कधी हा प्रश्नच नव्हता. आम्ही टेम्पो केला आणि वरंधा घाटाने भोरवरून पुण्याला गेलो. सायलीने दवाखान्यातून दोन दिवस रजा काढली होती. दुपारी चारला आमची वेळ. साडेतीनला गर्दीतून एक डोकं सगळ्यांच्या वर दिसलं. अंत्या आमचं बघायला डोंबिवलीहून आला होता.

"बाळा, नाही," मी म्हणालो. "आज नाही. हात जोडतो."

बाळाराम म्हणाला, "दादा, तो समोर उभा हाय."

त्याने अंत्याला वर बोलावलं. सायलीच्या हातातून माइक घेतला, स्टँडवर अडकवला आणि अंत्याला पुढे उभं केलं. ती नवी गाणी अंत्याला येत नव्हती. पहिल्या गाण्यात शब्द विसरला, दुसऱ्यात घसा बसला, तिसऱ्याला लोक चहा प्यायला गेले. सायली विंगेत उभी होती. शेवटचं गाणं संपून मी वळून पाहिलं तर ती नव्हती. ती एकटी एसटीने परत गेली. पुढे दुकानात यायची, चिठ्ठी द्यायची, औषधं न्यायची. गिरणीत मात्र तिने पाऊल टाकलं नाही.

परतीच्या वाटेवर मी बाळारामला तोंडाला येईल ते बोललो. तो खिडकीतून बाहेर बघत खोकत राहिला. शेवटी म्हणाला, "अंत्यासमोर दुसऱ्याच्या हातात माइक ठेवला असता, तर बापाला तोंड दाखवता आलं नसतं मला." बाप जाऊन दहा वर्षं झाली होती. अशा माणसाशी भांडायचं कसं?

खोकला वाढत गेला. फुप्फुसात गिरणीची धूळ बसली होती. तोंडाला फडकं बांध म्हणून मी त्याला वर्षानुवर्षं सांगत होतो, मास्कचे खोके दिले होते. त्यांत तो गिटारच्या तारा ठेवायचा. शेवटी त्याला महाडला सायलीच्याच दवाखान्यात ठेवलं. तिने त्याचं सगळं केलं. मी रोज दुकान बंद करून जायचो. एकदा ती सलाइन बदलत असताना बाळारामने मला विचारलं, "अंत्या येतो म्हणाला का?"

सायलीने सलाइन नीट लावली, चादर सारखी केली आणि बाहेर गेली. माफी सोड, तिच्या गाण्याबद्दल एक शब्द तरी बोल, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तो धाप टाकत होता. मी म्हणालो, "येतो म्हणालाय." चार दिवसांनी बाळाराम गेला. अंत्या पोचला नव्हता.

तो बाराव्याला आला. जेवणं झाल्यावर गिरणीच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. मी मनात साठवलेलं सगळं त्याला ऐकवणार होतो. तोच आधी बोलला.

"डोंबिवलीला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी त्याला सांगितलं व्हतं, दादा. घसा गेलाय माझा, दुसरा बघ. तो म्हणायचा, तुझी जागा हाय. पुण्याला मी नुसता ऐकायला आलेलो. त्या पोरीला ऐकायला. त्याने माइक पुढे केलान, सगळ्या लोकांत. नाय कसा म्हणू? त्याचं तोंड पडलं असतं."

म्हणजे ह्याने घेतला तो त्याला वाईट वाटू नये म्हणून, आणि त्याने दिला तो ह्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि त्या दोघांच्या मधे नितीन गेला, प्राध्यापक गेला, सायली गेली, आमचं पुणं गेलं. मला हसावं की दगड घ्यावा ते कळेना. मी अंत्याला पाणी आणून दिलं.

चार महिन्यांनी बाळारामच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, मला फोन केला. "गिटार न्या. वाजवा कुणीतरी. नायतर हितं गंजून जाईल." मी पोलादपूरच्या संतोषला विचारलं. तो वायरमन, तिशीतला, हात चांगला. मग धीर करून सायलीला विचारलं. ती म्हणाली, "येते. पण स्टँड मी लावणार."

रविवारी दुपारी आम्ही गिरणीत जमलो. सायलीने आल्या आल्या स्टँड धरला. स्क्रू त्या रेघेवर गंजून बसला होता. तिने गिरणीतलाच पाना घेतला, तेल सोडलं, दोन्ही हातांनी जोर लावला. दांडी करकरत खाली आली, पांढरी रेघ नळीत गडप झाली, आणि माइक तिच्या ओठांशी आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संतोषने बाळारामची गिटार गळ्यात घातली. ती त्याच्या गुडघ्यापाशी लोंबायला लागली. तो पट्ट्याचं बक्कल सोडू लागला.

"तो पट्टा राहू दे," मी म्हणालो. "बाळाचा आहे तसाच ठेव."

"बरं दादा," संतोष म्हणाला. त्याने हात काढला आणि कमरेत वाकून सूर लावायला लागला. त्याची बोटं नीट पोचत नव्हती. सायलीने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नुसती बघत राहिली, आणि मग माझं मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते. बाळारामवर इतकी वर्षं काढलेला राग सगळा परत माझ्यावर आला.

मी ड्रममागून उठलो. "सरळ उभा राहा," संतोषला म्हणालो, आणि बक्कल सोडलं. बाळारामच्या घामाने चामडं ताठ झालं होतं, भोकातून निघेना. दातांनी ओढून काढलं. चार भोकं वर घेतलं.

"आता पोचतात बोटं?"

"पोचतात."

मी जागेवर जाऊन बसलो, ड्रमवरचा कोंडा हाताने पुसला, आणि काठ्यांवर काठ्या आपटून चार मोजले.