पुडीवरची काकू

"तुमच्याकडे मॅनपॉवर तर घरचीच आहे."

माईकवर म्हणाला तो. बदलापूर पश्चिमेला एक लग्नाचा हॉल. शनिवारची सकाळ. नवउद्योजकांचं शिबिर. वधूवरांच्या गुबगुबीत खुर्च्या बाजूला सारून स्टेजवर पडदा लावला होता. एकेकाने उभं राहायचं, नाव सांगायचं, धंद्याची कल्पना सांगायची. सर, म्हणजे हाच माईकवाला, ती तपासून देणार. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

माझ्या आधी एक जण उठला. त्याला कुत्र्यांना अंघोळ घालणारी गाडी काढायची होती. घरपोच अंघोळ. सरांनी त्याला दहा मिनिटं दिली. गिऱ्हाईक कोण, पाणी कुठून आणणार, गाडी जुनी घ्यायची की नवी. मग एक बाई उठल्या. गुळाची चॉकलेटं. त्यांनाही दहा मिनिटं.

मी उठले. नाव सांगितलं. आडनावासकट, बापाने शिकवलं तसं, ठणठणीत आवाजात. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. तुम्हीही आधी तेच शोधाल, आणि सापडल्यावर पुढचं वेगळ्या डोळ्यांनी वाचाल. आमच्या आडनावात आमची जात ऐकू येते, एवढं कळलं तरी पुरे.

"मला येसूर विकायचाय," मी म्हणाले.

"येसूर म्हणजे?"

"बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. फोडणीच्या पाण्यात दोन चमचे टाकले की आमटी तयार. मराठवाड्याकडचा आहे. माझी आई करते."

तो माझा फॉर्म बघत होता. मान वर केली तेव्हा चेहरा एकदम प्रेमळ. "मॅडम, धंद्यात आपली स्ट्रेंथ ओळखायची असते. इथे रोज नवीन कॉम्प्लेक्स उभं राहतंय. हाऊसकीपिंगला माणसं मिळत नाहीत. तुम्ही कॉन्ट्रॅक्ट का नाही घेत? तुमच्याकडे मॅनपॉवर तर घरचीच आहे."

मागून कोणीतरी हसलं. मग टाळ्या. कुत्र्यांच्या अंघोळीला वाजल्या तेवढ्याच.

आणि मी काय केलं? "थँक्यू सर" म्हणाले. खाली बसले. वहीत "हाऊसकीपिंग" असं लिहिलंसुद्धा. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाप हयात होता तोवर सभेवरून येताना खिशात घडी घालून आणायचा आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवायची. अन्यायाविरुद्ध पेटून उठा. शाळेत जायच्या आधी मला हे वाक्य येत होतं. आणि त्या हॉलमध्ये मी पेटले नाही. थँक्यू म्हणाले.

कारण होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंगला होते. कॉन्ट्रॅक्ट संपलं, गेटवरूनच सांगितलं उद्यापासून येऊ नका. आई उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे धागे कापायची. अठरा वर्षं. तिच्या बोटांच्या पेरांत तो निळा रंग कायमचा बसला. आता तिच्या डोळ्यांना धागा दिसत नाही. मला काहीतरी उभं करायचंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत आयोजकांपैकी एक मॅडम माझ्या शेजारी पुरीभाजीची प्लेट घेऊन बसल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सरांचं मनावर घेऊ नकोस हं. तुझी आयडिया चांगली आहे. फक्त एक सांगू? घरगुती म्हटलं की लोक विचारतात, कोणाच्या घरचं. लेबलवर आडनाव नको टाकू. नुसतं काकू टाक. काकूंचा येसूर. लोकांना बरं वाटतं."

त्या माणसाने माझा अपमान केला हे मला तेव्हाच कळलं होतं. या बाईंनी केला तो कळायला मला पाच महिने लागले. कारण त्यांचा सल्ला मी मानला.

उल्हासनगरला कॅम्पात पाकिटं आणि लेबलं छापणारं एक दुकान आहे. काउंटरवर सिंधी शेठ. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "ये देखो, काकीवाला डिझाइन. पापडवाले, लोणचेवाले, सब यही ले जाते हैं." पडद्यावर एक बाई. नऊवारी, नथ, अंबाडा, गोरेपान हात, हातात वाडगा. बाई एकच. पापडाच्या पाकिटावरही तीच, भाजणीच्याही, उपवासाच्या चिवड्याच्याही.

"घर का माल है ना? चलेगा," शेठ म्हणाला.

खाण्याच्या मालावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापावाच लागतो. नियम आहे. "वो पीछे डाल देंगे, बारीक," शेठ म्हणाला. मी मान हलवली. आईचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मागे, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

पुड्या घरी आणल्या. आईने एक हातात घेतली.

"ही कोन गं?"

"काकू."

"कुनाची?"

"कुणाचीच नाही. चित्र आहे."

"न् माझं नाव?"

"मागे आहे."

तिने पुडी उलटी केली. ती सावकाश वाचते, अक्षरावर बोट ठेवत. बोट ठेवलं तर सगळं नाव नखाखाली गेलं. "असू दे," म्हणाली, आणि पुडी परत ढिगावर ठेवली.

येसूर चालला. खोटं कशाला सांगू, खूप चालला. बेलवलीतल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मी टाकलं होतं, "आमच्या काकूंच्या हातचा येसूर". आमच्या काकू! कोणी विचारलं की मी सांगायची, काकू फार बाहेर पडत नाहीत, त्यांचं वय झालंय. काकूंचे गुडघे दुखतात हेही मी ठोकून दिलं. नसलेल्या बाईला मी गुडघे दिले. आणि जिचे खरोखर दुखत होते ती माझ्यामागे दोन पिशव्या घेऊन जिने चढत होती. कारण त्या सोसायटीत सामान घेऊन येणाऱ्याला एकच लिफ्ट, आणि ती बहुतेक वेळा बंद.

दारं उघडायची. "आल्या का मावशी?" म्हणायचे.

या दोन शब्दांबद्दल मी इथे लिहिणार आहे. काकू आणि मावशी. नात्याने बघाल तर मावशी जवळची. आईची बहीण. पण या इमारतींमध्ये जाऊन ऐका. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते ती काकू. लादी पुसते ती मावशी. हळदीकुंकवाला बोलावतात ती काकू. भाजी विकते, कचरा नेते, पोळ्या लाटून जाते ती मावशी. वय सारखंच, केस सारखेच पिकलेले. कोणी ठरवत नाही, कोणी शिकवत नाही. दार उघडलं की एका नजरेत तोंडातून बरोबर शब्द येतो. कोणी शिवी देत नाही. नात्यानेच हाक मारतात. म्हणून तर तक्रार कशाची करायची ते सांगता येत नाही.

माझ्या आईने भाजलेला, माझ्या आईने चाळलेला येसूर काकूंचा होता. आणि आई मावशी होती.

रविवार होता. सकाळचे दहा-अकरा. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. दर महिन्याला न चुकता घ्यायच्या. मी खालच्या मजल्यावर पुड्या देऊन वर येत होते. आई त्यांच्या दारात उभी होती. मला आवाज ऐकू येत होते.

"मावशी, काकूंना सांगा हं, आमच्या ह्यांना आमटी फार आवडली. हात चांगला आहे त्यांचा."

"सांगते ताई."

"आणि एक विचारू का? राग मानू नका. भाजायला, दळायला तुम्ही असता का तिथे? की काकू स्वतःच करतात सगळं? नाही, मला काही नाही. आमच्या सासूबाई जरा बघतात हो."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. आई काय बोलते ते मला ऐकायचं होतं.

आई म्हणाली, "न्हाई ताई. मी निस्तं आणून देते. हात काकूच लावतेत."

एवढं म्हणून तिने हात पदराखाली घेतले.

कोणी तिला तसं बोलायला शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं. ती पुडी छापून आणली त्या दिवशी. त्या हॉलमध्ये माझ्यावर एका माणसाने एक वाक्य फेकलं होतं. इथे माझ्या आईने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे हात पुसून टाकले, आणि ते माझा माल खपावा म्हणून.

मी वर गेले. म्हणाले, "ताई, पुडी उलटी करा."

"काय?"

"पुडी उलटी करा. मागे तळाशी बारीक अक्षरं आहेत. वाचा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुडी जवळ नेली. मोठ्याने वाचलं. आईचं नाव. बापाचं नाव. मग आडनाव. आडनावाशी आवाज खाली आला.

"ही," मी आईकडे बोट केलं. "तुम्हाला जो हात आवडला तो हिचा. काकू नाहीये कोणी. कधीच नव्हती."

आई म्हणाली, "गप बस गं."

बाई आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हातातल्या दोन्ही पुड्या खाली ठेवल्या. दाराबाहेर चपलांचा स्टँड होता, त्यावर. आमच्या हातात दिल्या नाहीत.

"तसलं आम्ही काही मानत नाही हं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही फसवलंत. ते मला आवडलं नाही."

दार लागलं.

त्यात एक गोष्ट खरी होती. फसवलं होतं. पण त्यांना नाही. त्यांना मागितला तो माल मिळाला, चव मिळाली, वजन पूर्ण मिळालं. फसवलं होतं मी आईला. चपलांवरच्या त्या पुड्या आईने उचलल्या, पदराने पुसल्या, पिशवीत टाकल्या. 

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मेसेज फिरला. "येसूरवाल्यांबद्दल सावध राहा, नाव खोटं आहे." नाव खोटं! नाव खरं निघालं म्हणून पुडी चपलांवर गेली होती. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. तिथला माल त्या महिन्यात बंद झाला. तो आजतागायत बंद आहे.

आई माझ्यावर चिडली. अजून चिडलेली आहे. "खपत हुतं न्हवं? मला काकू म्हणा का मावशी म्हणा, आमटी माझीच खात हुते की समदे. तुला काय खुपलं?" याचं उत्तर माझ्याकडे पत्रकातलं होतं, ते मी दिलं नाही. "तू हात पदराखाली घेतलेस," एवढंच म्हणाले.  ती कढई घासत राहिली.

नवीन धंदा करणाऱ्यांना सगळे सांगतात, कल्पना शोधा. आजूबाजूला बघा, लोकांना काय हवं ते बघा. मी बघितलं. लोकांना आमच्या हातची चव हवी आहे. आमचे हात नको आहेत. यावर धंदा करायचा तर एकच कल्पना चालते, हात लपवायची. ती मी करून बघितली. चालते. त्यासाठी रोज कोणाच्या तरी दारात आईने स्वतःला नाकारायचं असतं.

मी परत उल्हासनगरला गेले. शेठला म्हणाले, काकी काढा. तिच्या जागी हे नाव. कागदावर लिहून दिलं.

त्याने वाचलं. "बेटी, सच बोलूँ? नहीं चलेगा. सरनेम छोड़ दे. सिर्फ पहला नाम रख, अच्छा है."

"सेठ, आपके बोर्ड पे किसका नाम है?"

"दादाजी का."

"सरनेम के साथ?"

"हाँ, तो?"

"कितना बड़ा?"

तो हसला नाही. बोर्ड दुकानाच्या रुंदीएवढा होता. त्याने कॉम्प्युटर पुढे ओढला. मग विचारलं, "साइज?"

पुडीच्या समोर, वरती, मधोमध, पहिलं नाव आणि आडनाव एकाच मापाचं. मी स्वतः उभी राहून बघितलं. एक काना कमी होऊ दिला नाही.

आता पुड्या पूर्वीच्या निम्म्यासुद्धा जात नाहीत. काही दारांत लोक नाव वाचतात आणि म्हणतात, अजून आहे घरात, पुढच्या महिन्यात बघू. मी पुढच्या महिन्यात जाते. नाव तेच असतं. कोणी घेतं, कोणी घेत नाही. धंदा बुडेलही कदाचित. बुडाला तर दुसरा करीन, आणि त्याच्यावरही हेच नाव छापीन.

आता कोणी विचारलं, कोणाच्या घरचा, तर आईच्या आधी मी बोलते. आमच्या. पुढचं वाक्य समोरच्याने बोलायचं. मी त्याला मदत करणार नाही.