सहावा चिमटा

पॅराग्लायडर उडवणारे सगळे तिला चिमटेताई म्हणत. हवेत पंख मिटला तर फेकायच्या राखीव पॅराशूटची घडी घालताना दोऱ्या हलू नयेत म्हणून ती कपडे वाळत घालायचे सहा लाल चिमटे लावी, आणि घडी पिशवीत सरकवताना एकेक काढून मोजी. सहा भरल्याशिवाय पिशवी सोडायची नाही, मग कुणी कितीही डोकं आपटो. एक जरी आत राहिला, तर वेळेला ते पॅराशूट उघडायचंच नाही.

त्या सकाळी धाकट्या भावानं नुसता पिच्छा पुरवला. "ताई, आटप ना गं! वारा पडेल." आणि ती मोजायच्या आत पठ्ठ्या पिशवी उचलून पसारदेखील झाला. कटकट्या मेला, असं पुटपुटत तिनं चिमटे गोळा केले. पाच निघाले.

टेबलाखाली, शिवणयंत्रामागे, केराच्या टोपलीत, कुठ्ठे म्हणून नाही! भाऊ एव्हाना आभाळात होता.

तिनं वायरलेस उचलला. "ऐक रे राजा, राखीवला हात लावू नकोस. आत चिमटा राहिलाय. सरळ खाली ये."

"अगं बाई! चिमटेताईचा चिमटा?" तो खो खो हसला. "बरं, नाही लावत. आलोच."

ती धावत उतरायच्या मैदानावर गेली. तो टेकडी ओलांडत असतानाच पंखाची डावी बाजू मिटली आणि तो गरगर फिरू लागला. राखीव उघडायला उंची भरपूर होती. दुसरा कुणी असता, तर "फेक राखीव, फेक!" म्हणून तिनं घसा फोडला असता. पण न उघडलेलं पॅराशूट पंखात अडकलं, तर उरलीसुरली आशाही जायची. "उजवीकडे वजन टाक रे, उजवीकडे!" एवढंच ती रडत ओरडत राहिली. तो झाडांमागे कोसळला.

दवाखान्यात ती बाकावर बसली होती. नर्स मागून आली. "ताई, ओढणीला हे काय लावलंय?"

लाल चिमटा. ओढणी घडीवर लोंबते म्हणून सकाळच्या घाईत तिनंच ती मागे खेचून लावला होता.

भाऊ शुद्धीवर होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

"दोनदा हात राखीवच्या मुठीवर गेला गं," तो क्षीण हसला. "पण तू सांगितलं होतंस ना, म्हणून नाही ओढली. तू होतीस म्हणून वाचलो, ताई. सापडला का तो चिमटा? आतच होता ना?"

हो म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं मूठ उघडली.

"नाही रे," ती म्हणाली, "माझ्याच ओढणीला होता."