पोसायडनच्या वाटणीला दर्या

जमालभाई म्हणजे दाभोळची एक वल्लीच. सौदीत अल खफजीला, समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर ते सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, आणि मी, विनय, त्याच बोटीवर स्वयंपाकी. जेवण माझं, गप्पा त्यांच्या.

निताकत, म्हणजे स्थानिकांना नोकऱ्या द्यायचा सौदी कायदा, लागू झाला ते वर्ष होतं. कंपनीत सौदी माणूस हवाच, नाहीतर कंपनी सरकारी यादीत लाल रंगात जाणार आणि आमच्यापैकी कुणाचाच इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवा होणार नाही. आमच्या फुटकळ कंपनीत सौदी एकच, हाशम. समुद्रापासून लांब, हाइलच्या गव्हाच्या शेतातला, भरघोस मिशांचा बाप्या, पण समुद्र दिसला की हा चार पावलं मागे. आम्ही त्याला तळहातावर झेलत होतो. चहात साखर पुरे ना, उशी मऊ आहे ना, विचारू नका!

आणि नेमका तिकडे इराणला भूकंप झाला. जेट्टी थरथरली, बांधलेली बोट गदगदली. हाशम पांढराफटक.

"खलास! मी चाललो हाइलला."

"थांब रे बाबा!" जमालभाईंनी त्याला बाकावर बसवलं, मी चहा ओतला. पूर्वी बोटीवर एक ग्रीक इंजिनियर होता, त्याच्या गोष्टी जमालभाईंना तोंडपाठ. "हे जुन्या अडाणी लोकांचं हां, आपला अल्ला एकच," असं बजावून त्यांनी मोडक्या अरबीत सुरू केलं. पोसायडन नावाचा दर्याचा देव, हातात त्रिशूळ. चिडून जमिनीवर हाणला की भूकंप, पाण्यात हाणला की लाटा. आणि खडकाखाली एक बया दडलेली, ती समुद्र गटागटा पिते नि भडाभडा ओकते, तोच भोवरा. हाशम खो खो हसायला लागला. मी मनातल्या मनात नाचलो.

"पण तो चिडतो कशाला?" हाशमने विचारलं.

इथे गप्प बसायचं ना! पण कोकणातला माणूस, वाटणीचा विषय निघाल्यावर जीभ कुठली आवरते? "अरे, तिघे भाऊ. बापाची इस्टेट, चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्याला आभाळ, थोरल्याला पाताळ, मधल्या पोसायडनला दर्या. आणि जमीन सामाईक! सामाईक म्हटलं की आलीच कटकट. म्हणून आपटतो त्रिशूळ."

हाशम ताडकन उठला. हाही तिघांतला मधला, आणि विहिरीसकट शेत भावांनी लाटलेलं! "बरोबर आहे त्याचं! मी आत्ताच जातो, माझा हिस्सा मागतो!" म्हणत तो बॅग भरायला लागला.

घ्या! रडावं की हसावं कळेना. मी जमालभाईंच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

"अरे, भांडायला एवढ्या लांब कशाला जातोस? फोनवर भांड!" जमालभाई त्याच्या मागे धावले.

"तू भांडतोस फोनवर?"

जमालभाईंचा चेहरा उतरला. "माझा थोरला भाऊ, इब्राहीम. अंगणातल्या फणसावरून बोलणं तुटलं. तेव्हा माझी मुलगी दुआ जन्मली पण नव्हती. आता ती कॉलेजात आहे."

"मग आधी तू लाव," हाशम बॅगेवरच बसला. "तू लावलास तर मी पण इथूनच भांडतो."

इकाम्यासाठी माणसाला काय काय करावं लागतं! जमालभाईंनी नंबर लावला. स्पीकरवर इब्राहीमभाईंचा घाबरा आवाज आला, "जमाल? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही, भाई. सगळे आहेत," जमालभाई म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. "मी पण आहे."

हाशमला मराठी कुठलं कळायला? तरी त्याने नाक ओढलं, माझ्या हातातला चहा घेतला आणि हाइलला फोन लावला. भावाने उचलल्या उचलल्या असा कडाडला म्हणता! दुसऱ्याचं भांडण ऐकून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.